रिकाम्या जागांचा इतिहास : संगणकीय पाठांचे साचे, त्यांची देवघेव आणि ‘बरोबर उत्तरा’चा प्रश्न

शालेय पाठ्यपुस्तकात धड्याच्या अखेरीस ‘रिकाम्या जागा भरा’, ‘जोड्या लावा’, ‘योग्य पर्याय निवडा’ असे जे स्वाध्यायाचे प्रकार येतात, त्यांच्याकडे इतिहासाचा विषय म्हणून सहसा कोणी पाहत नाही. हे प्रकार म्हणजे निव्वळ आकृती, आशय ज्याने त्याने आपापला घालावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. छापील पुस्तकापुरती ती बरीचशी खरीही होती. विद्यार्थ्याने रिकाम्या जागेत अपेक्षित शब्दाऐवजी त्याचा प्रतिशब्द लिहिला, ऱ्हस्वाचे दीर्घ केले किंवा अक्षर वेडेवाकडे काढले, तर त्याचे काय करावयाचे हे ठरविण्यासाठी शिक्षक वही पुढ्यात घेऊन बसलेलाच असे. निर्णय आकृतीच्या बाहेर होत होता, म्हणूनच आकृती रिकामी राहू शकत होती.

हीच आकृती संगणकावर गेली तेव्हा वही तपासणारा माणूस बाजूस झाला आणि तपासणी साच्याच्या पोटात शिरली. पाठातील जो भाग कायम राहतो आणि बदलत्या आशयासाठी जागा मोकळ्या सोडतो, त्यास येथे साचा म्हटले आहे. असे साचे तयार करणे व ते एका संस्थेतून दुसरीत, एका देशातून दुसऱ्यात पोचविणे हा उद्योग गेली साठ-पासष्ट वर्षे चालू आहे. त्याचा इतिहास बहुधा यंत्रांचा व प्रमाणकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु साच्याबरोबर ‘बरोबर उत्तर कशास म्हणावे’ याविषयीचा एक निर्णयही न सांगता हातोहात जात असतो, आणि भाषेच्या अभ्यासकास स्वारस्य वाटावे असा भाग नेमका हाच आहे.

या इतिहासाचा आरंभ संगणकापासून करणे सोयीचे असले तरी रिकाम्या जागेपुरते १९५३ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी अमेरिकेत विल्सन टेलर यांनी ‘क्लोझ’ नावाची पद्धत मांडली. उताऱ्यातील शब्द ठराविक अंतराने, उदाहरणार्थ दर पाचवा, गाळावयाचे आणि वाचकांस ते भरण्यास सांगावयाचे. अपुरी आकृती पाहताच ती पुरी करण्याची मनाची जी प्रवृत्ती समष्टिवादी मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिली होती, तिच्यावरून हे नाव बेतलेले आहे. टेलर यांचा हेतू विद्यार्थ्याची परीक्षा घेण्याचा नव्हता; उतारा वाचावयास किती सुगम वा दुर्गम आहे हे त्यांना मोजावयाचे होते. त्यासाठी मूळ लेखकाने योजलेला शब्द जसाच्या तसा आला तरच गुण, प्रतिशब्दास गुण नाही, असा नियम त्यांनी केला. उताऱ्यांची तुलना करताना प्रतिशब्द मोजल्याने निष्कर्षात फारसा फरक पडत नाही, असे त्यांना आढळून आले होते. नियम त्या कामापुरता निर्दोष होता. पुढे हीच पद्धत परभाषेच्या परीक्षांत व मग संगणकीय स्वाध्यायांत आली आणि मोजमाप उताऱ्याचे न राहता विद्यार्थ्याचे झाले. साध्या साच्यांत अक्षरशः तोच शब्द मागण्याची रीत मात्र कायम राहिली. उताऱ्यावर अन्याय होण्याचा प्रश्न नव्हता. विद्यार्थ्यावर होऊ शकतो, एवढा फरक या स्थलांतरात विसरला गेला.

त्याच दशकात बी. एफ. स्किनर यांची अध्यापन-यंत्रे व नॉर्मन क्राउडर यांचे शाखायुक्त पाठ पुढे आले. दोघांतील वाद मानसशास्त्राच्या पुस्तकांतून पुष्कळ चर्चिला गेला आहे. येथे त्यातील एकच गोष्ट कामाची आहे. स्किनर यांच्या यंत्रात विद्यार्थी उत्तर स्वतः लिही आणि मग उघड झालेल्या उत्तराशी ते स्वतःच ताडून पाही. क्राउडर यांनी लेखनच टाळले. दिलेल्या पर्यायांतून निवड करावयाची आणि चुकीचा पर्याय निवडल्यास ती चूक का, याचे स्पष्टीकरण असलेल्या पानावर जावयाचे. म्हणजे एकाने निर्णय विद्यार्थ्यावर सोपविला, तर दुसऱ्याने निर्णयाचा प्रसंगच येणार नाही अशी रचना केली. मोकळेपणी लिहिलेल्या उत्तराचा न्याय यंत्राने करावा, ही अडचणीची वाट दोघांनीही घेतली नव्हती.

ती वाट इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या पुढाकाराने १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘प्लेटो’ प्रणालीने घेतली. (नावाखेरीज त्या प्रणालीचा ग्रीक तत्त्ववेत्त्याशी संबंध नाही.) आरंभीचे पाठ लिहिणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तज्ज्ञांचे काम होते. १९६७ मध्ये पॉल टेन्झार या जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ‘ट्यूटर’ ही पाठलेखनाची भाषा रचली, ती विषय जाणणाऱ्या परंतु यंत्र न जाणणाऱ्या अध्यापकासाठी. या भाषेतील उत्तर तपासण्याची आज्ञा आजही अभ्यासण्यासारखी आहे. तीत पाठकर्त्यास तीन प्रकारचे शब्द वेगवेगळे नोंदविता येत : आले काय, न आले काय, ज्यांची पर्वा करू नये असे, एकमेकांऐवजी चालणारे, आणि आलेच पाहिजेत असे. त्यामुळे त्रिकोणाचे चित्र पाहून कोणी एका शब्दात उत्तर दिले, कोणी पुरे वाक्य लिहिले, तरी दोन्ही स्वीकारली जात. शब्दांचा क्रम महत्त्वाचा मानावा की नाही, हेही पाठकर्ता ठरवी. चुकीच्या स्पेलिंगाच्या शब्दाखाली एक खूण आणि सर्वस्वी गैरलागू शब्दाखाली निराळी खूण उमटे. वाक्यविचाराची ही काही प्रगल्भ मांडणी नव्हे. परंतु शिक्षकाच्या मनातील भाषिक निर्णय साच्यात स्पष्ट शब्दांनी लिहून ठेवण्याची सोय तीत होती.

प्लेटोवर देवघेवीचा प्रश्न असा नव्हताच. सर्व पाठ एका मध्यवर्ती संगणकात राहत आणि दूरदूरची यंत्रे त्याच्याशी जोडलेली असत. पाठ कोठे ‘पाठवावा’ लागत नसे. याची दुसरी बाजू अशी की, पाठ त्या प्रणालीबाहेर जाऊही शकत नसे. प्रणाली मावळली तेव्हा तिच्यातील पाठांबरोबर उत्तर तपासण्याची ती बारकाई बव्हंशी मावळली, आणि नंतरच्या साधनांनी पुष्कळशा गोष्टी पुन्हा पहिल्यापासून, बहुधा अधिक ओबडधोबड रीतीने, शोधून काढल्या.

इंटरनेटच्या काळातील पहिले खऱ्या अर्थाने लोकप्रिय झालेले साचे एका भाषाशिक्षणाच्या केंद्रातून निघाले, हा योगायोग म्हणता येणार नाही. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठात स्ट्युअर्ट आर्नील व मार्टिन होम्स यांनी नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘हॉट पोटॅटोज’ हा प्रोग्रॅमसंच तयार केला. रिकाम्या जागा, जोड्या, शब्दकोडे, विस्कळीत वाक्याची जुळणी आणि प्रश्नमंजुषा असे त्याचे मुख्य भाग होते. शिक्षकाने चौकटीत मजकूर भरावयाचा आणि प्रोग्रॅमने त्याचे ब्राउझरमध्ये चालणारे पान करून द्यावयाचे. आत काय घडे? पानाची कोरी प्रत स्वतंत्र फाइलीत ठेवलेली असे. तीत शीर्षक, सूचना, प्रश्न यांच्या जागी चौकोनी कंसातील खुणा असत आणि त्या खुणांच्या जागी शिक्षकाचा मजकूर बसविला जाई. ही कोरी प्रत बंद केलेली नव्हती. ज्यास थोडीफार माहिती होती, तो शिक्षक ती उघडून बदलू शके आणि बदललेली प्रत सहकाऱ्यास देऊ शके. रिकाम्या जागेच्या प्रत्येक उत्तरास अनेक पर्यायी उत्तरेही नोंदविता येत. टेलर यांच्या नियमातून सुटण्याची एक वाट म्हणजे ही.

त्याहूनही लक्षणीय होती ती परवान्याची अट. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या, नफ्यासाठी नसलेल्या शिक्षणसंस्थेतील शिक्षकाने आपले स्वाध्याय महाजालावर सर्वांस खुले ठेवले, तर त्यास प्रोग्रॅम विनामूल्य मिळे. ते कुलूपबंद ठेवावयाचे असतील तर परवाना विकत घ्यावा लागे. साच्याचे मोल पैशात नव्हे तर देवघेवीत घेण्याची ही कल्पना होती, आणि तिचा अवलंब क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने डिसेंबर २००२ मध्ये येण्याच्या आधीपासून होत होता. शैक्षणिक साधनांच्या मुक्त वापराचा इतिहास मोठ्या विद्यापीठांच्या घोषणांपासून सुरू करण्याची जी पद्धत पडली आहे, तीत या लहानशा अटीस मिळावयास हवे तेवढे स्थान मिळालेले नाही. २००९ पासून हा संच सर्वांसच विनामूल्य झाला.

याच सुमारास देवघेवीचा विचार अगदी निराळ्या बाजूने करणारी मंडळी होती. विमानोद्योगातील प्रशिक्षणाची सामग्री एका यंत्रणेतून दुसरीत नेता यावी म्हणून १९८८ मध्ये एक समिती निघाली होती. १९९७ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने व्यापक उपक्रम हाती घेतला आणि त्यातून २००० मध्ये ‘स्कॉर्म’ हे प्रमाणक आले. पाठाची पेटी बांधावयाची, आत काय आहे त्याची यादी ठराविक नमुन्यात द्यावयाची आणि पेटी कोणत्याही प्रणालीत चालावी, अशी योजना. ती यशस्वी झाली. पेट्या चालू लागल्या. परंतु पेटीतील पाठ बहुधा ज्या साधनाने घडविला त्याच साधनात दुरुस्त करता येई, आणि ते साधन घेणाऱ्याकडे असेलच असे नाही. पाठ चालविता येणे आणि पाठ आपलासा करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यामुळे पुष्कळांच्या ध्यानात आले.

या विचारामागे ‘अध्ययन-वस्तू’ नावाची कल्पना होती. वेन हॉजिन्स यांना ती मुले लेगोचे ठोकळे खेळत असताना सुचली, असे सांगितले जाते : कोणताही ठोकळा कोणत्याही ठोकळ्यास जोडावा. डेव्हिड वायली यांनी या उपमेवर आक्षेप घेतला. अणू कोणत्याही अणूशी जोडला जात नाही, आणि जोडणी करावयास काही ज्ञान लागते. म्हणून उपमाच द्यावयाची तर ती अणूची द्यावी. पुनर्वापराचा विरोधाभास वायली यांनीच मांडला : पाठ ज्या प्रमाणात विशिष्ट वर्गास, विशिष्ट संदर्भास लागू करावा त्या प्रमाणात तो परिणामकारक होतो, आणि त्याच प्रमाणात दुसऱ्यास निरुपयोगी होतो. भाषेच्या पाठांइतका या विधानाचा प्रत्यय क्वचितच दुसरीकडे येत असेल.

‘मूडल’चा मार्ग या दोहोंच्या मधून गेला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या वाळवंटी भागात रेडिओवरील शाळेद्वारा शिकलेले मार्टिन डुगियामास यांनी पर्थ येथे ती प्रणाली रचली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये निघाली. तीत साच्याची दोन टोके एकत्र नांदताना दिसतात. एका टोकास टेलर यांचेच नाव घेऊन आलेला रिकाम्या जागांचा प्रश्न : महिरपी कंसात उत्तरे, प्रत्येकास किती टक्के गुण द्यावयाचे तो आकडा आणि चुकल्यास दाखवावयाचा अभिप्राय, असे सारे एका ओळीत. दुसऱ्या टोकास २००६ च्या १.६ या आवृत्तीत आलेली ‘डेटाबेस’ ही कृती. समजा, एखाद्या भाषाविभागास विद्यार्थ्यांकडून बोलीतील शब्द गोळा करावयाचे आहेत. शब्द, अर्थ, गाव, प्रत्यक्ष ऐकलेले वाक्य अशी क्षेत्रे शिक्षक ठरवितो. नोंद पडद्यावर कशी दिसावी याचा नमुना लिहितो, आणि क्षेत्राचे नाव दुहेरी चौकोनी कंसात घातले की त्या जागी नोंदीतील मजकूर येतो. ही सर्व मांडणी एका झिप फाइलीत बांधून दुसऱ्या महाविद्यालयास देता येते. नोंदी जात नाहीत, मांडणी तेवढी जाते. येथे साचा पुन्हा जुन्या अर्थाने रिकामा झाला, कारण नोंद ग्राह्य धरावी की नाही हे शिक्षक वाचून ठरवितो. देवघेवीस सर्वांत निर्धोक साचे हेच; मात्र त्यांत शिक्षकाचा वेळ जातो आणि तीनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात तो कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरतोच.

‘एचफाइव्हपी’ची कल्पना नॉर्वेतील. तेथील उच्च माध्यमिक शिक्षणासाठी प्रांतिक प्रशासनांनी मिळून चालविलेल्या एनडीएलए या उपक्रमाच्या कामातून ती निघाली आणि ट्रॉम्सो येथील ‘युबेल’ या कंपनीने २०१३ मध्ये ती पुढे आणली. ‘फ्लॅश’ या तंत्रावर उभारलेले हजारो पाठ कालबाह्य होणार हे तेव्हा दिसू लागले होते. त्याचे समर्थन अखेर ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबले. एचफाइव्हपीच्या फाइलीत आशय आणि तो चालविणारा साचा दोन्ही असतात, परंतु एकमेकांत कालविलेले नसतात. साच्यासोबत आणखी एक फाइल असते. कोणती क्षेत्रे भरावयाची, कोणते अनिवार्य, कोणते लांबीने मर्यादित, याचे वर्णन तीत असते आणि त्यावरून शिक्षकापुढील भरावयाचा तक्ता आपोआप तयार होतो. पाठाखाली ‘पुनर्वापर’ची कळ ठेवली असेल तर वाचणारा तो उतरवून घेऊन बदलू शकतो. स्कॉर्मच्या पेटीत जे साधले नाही, ते येथे साधले. मूडलनेही नोव्हेंबर २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून हे साचे आपल्या अंगभूत भागात घेतले.

तरीही एक भेद राहिला. साचा भरणे कोणाही शिक्षकास जमते. साचा घडविणे वा त्यातील तपासणीचा नियम बदलणे प्रोग्रॅम जाणणाऱ्यासच जमते. पडद्यावरील ‘तपासा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशा सूचना मराठीत करून घेता येतात आणि साच्याचे मराठीकरण झाले असे त्यावरून वाटू लागते. नियमाचे मराठीकरण झालेले नसते. याचा अर्थ काय, हे एका शब्दावरून पाहता येते.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ही याच जातीची दुसरी जोडी व्याकरणाच्या वर्गात नेहमी सांगितली जाते. मराठी वाचकास यात संभ्रम नाही. संगणकात मात्र ‘दऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो : नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्यास हलन्त जोडून, अथवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. कळफलकाच्या रचनेप्रमाणे विद्यार्थ्याकडून यांपैकी कोणताही प्रकार लिहिला जातो; पडद्यावर दोन्ही एकच दिसतात. शिक्षकाने पहिल्या प्रकाराने उत्तर नोंदविले आणि विद्यार्थ्याने दुसऱ्या प्रकाराने लिहिले, तर अक्षरशः तुलना करणारा साचा ते चूक ठरवितो. विद्यार्थी पडद्याकडे पाहतो. त्याचे उत्तर आणि ‘बरोबर उत्तर’ यांत त्यास तिळमात्र फरक दिसत नाही. ‘बँक’ आणि ‘बॅंक’, किंवा स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिलेला ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला ‘अॅ’, यांचीही हीच गत. युनिकोडच्या समानीकरणाचे नियम या जोड्यांना एक मानीत नाहीत, म्हणून तो उपायही येथे लागू पडत नाही.

एचफाइव्हपीच्या रिकाम्या जागांच्या साच्यात ‘किरकोळ स्पेलिंग-चुका चालतील’ असा एक पर्याय आहे. तो निवडल्यास तीन ते नऊ चिन्हांच्या शब्दात एक आणि त्याहून मोठ्या शब्दात दोन चुका माफ होतात. चुका मोजण्याची रीत व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या अंतराची : एका शब्दाचा दुसरा करण्यास किती चिन्हे घालावी, काढावी वा बदलावी लागतात. ही रीत ‘दऱ्या’स लावून पाहावी. पहिल्या प्रकारातील ‘दऱ्या’पासून समुद्रवाचक ‘दर्या’ एका बदलावर आहे. ‘ऱ’चा ‘र’ केला की झाले. दुसऱ्या प्रकारातील ‘दऱ्या’पासूनही तो एकाच बदलावर आहे, अदृश्य चिन्ह काढले की झाले. परंतु ‘दऱ्या’चे हे दोन प्रकार परस्परांपासून दोन बदल दूर आहेत. एक चूक माफ करणारा साचा म्हणून चुकीचा शब्द स्वीकारतो आणि बरोबर शब्द नाकारतो. ‘सलिल’ म्हणजे पाणी आणि ‘सलील’ म्हणजे लीलेने, ‘मिलन’ म्हणजे भेट आणि ‘मीलन’ म्हणजे मिटणे, हे भेदही त्या सवलतीत वाहून जातात, कारण ऱ्हस्वदीर्घाचा फरक तेथे किरकोळ ठरतो. ज्या भाषांसाठी हा नियम प्रथम योजला गेला, त्यांत तो उदार असेल. मराठीत तो एकाच वेळी कठोर व सैल आहे.

दोष साच्याच्या कर्त्यांना देण्यात अर्थ नाही. त्यांनी साचा खुला ठेवला आहे, आणि हे उदाहरण तपासून पाहता येते ते त्यामुळेच. महाराष्ट्रात २०२० च्या महामारीत अनेक विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा महाजालावर घेतल्या, त्या प्रायः बहुपर्यायी होत्या. घाईत दुसरे काही शक्य नव्हते हे खरे. परंतु पर्याय निवडण्यात मराठी लिहावीच लागत नाही, आणि क्राउडर यांनी टाळलेला प्रसंग अशा रीतीने पुन्हा टळतो. मराठीच्या प्रश्नपत्रिकेतही तो टळावा, हे मात्र चमत्कारिक आहे.

तोपर्यंत शिक्षकाच्या हाती जुनाच उपाय आहे, आणि तो टेन्झार यांच्या आज्ञेच्या जातीचा आहे : चालणारी रूपे नोंदवून ठेवणे. एचफाइव्हपीत उत्तर दोन तारकाचिन्हांच्या मध्ये लिहितात आणि पर्यायी उत्तरांमध्ये तिरकी रेघ देतात. चुकांची माफी बंद ठेवून त्या तारकांमध्ये ‘दऱ्या’ हा शब्द दोन्ही प्रकारांनी लिहिला की काम भागते. पाहणाऱ्यास तेथे एकच शब्द चुकून दोनदा छापल्यासारखा दिसतो. तो पाठ दुसऱ्या महाविद्यालयात गेल्यावर तेथील संपादकाने द्विरुक्ती समजून त्यातील एक काढून टाकू नये म्हणून पाठाच्या माहितीत दोन ओळींची टीप जोडावी लागते. फाइलीबरोबर ती टीपही जाते.